रोबोट झाला, आता मॅचची तयारी!

रोबोकॉन म्हटलं की एरिना, शिट्टी आणि पोरांचा आरडाओरडा आठवतो. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडीच! राष्ट्रीय फेरी बरीच वर्षे पुण्यात भरायची, २०१९ साली ती दिल्लीला गेली.

वर्षभराची मेहनत आणि मॅच फक्त ३ मिनिटांची. त्यात एक वायर निसटली तर खेळ खल्लास. नांदेड-लातूरच्या टीमला अजून एक अडचण आहे. साधा बोल्ट वजिराबादेत किंवा गंजगोलाईत मिळून जाईल, पण मोटर ड्रायव्हर जळाला तर बहुधा पुण्या-मुंबईच्या कुरियरची वाट बघत बसायचं. म्हणून शेवटचे १५ दिवस नवीन काही जोडायचं नाही. आहे तेच न चुकता चाललं पाहिजे. कसं, ते पाहू.

१) रूलबुक आणि वजन : नियम दरवर्षी बदलतात, म्हणून सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. २४ व्होल्टची मर्यादा असेल तर ती नॉमिनल की प्रत्यक्ष मोजलेली, हे आधी बघा. कारण ६ सेलची लिपो बॅटरी नॉमिनल २२.२ व्होल्टची, पण फुल चार्ज झाली की २५.२ दाखवते! वजन अंदाजाने धरू नका. मोंढ्यातल्या एखाद्या आडतीवर जाऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर रोबोट ठेवा. बॅटरीसकट!

२) नट-बोल्ट : धक्क्यांनी नट ढिले होतातच. जिथे हादरा जास्त तिथे नायलॉक नट वापरा. आवळून झाल्यावर नट आणि फ्रेमवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना न लावता मिनिटभरात सगळा रोबोट तपासून होतो.

३) वायरिंग : वायर बहुतेक वेळा सोल्डर संपतो तिथेच तुटते, कारण पुढे ती लवचिक आणि मागे कडक असते. तिथे हीट श्रिंक चढवा आणि वायर फ्रेमला टायने बांधा, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही. उलटं बसूच शकणार नाही असं कनेक्टर वापरा. मॅचच्या घाईत हुशार माणूसही प्लस-मायनस चुकवतो.

४) बॅटरी आणि हवा : लिपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होतो. वापर नसेल तेव्हा सेलमागे ३.८ च्या आसपास ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी गाडीत सोडू नका. चार्जिंगला एक जण समोर बसलेलाच हवा. न्यूमॅटिक्सच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की गळती. टाकी म्हणून कोल्ड्रिंकची बाटली वापरत असाल तर चरे पडलेली लगेच बदला, आणि भरताना चष्मा घाला. त्यात हयगय नको.

५) पेटी : मोटर, ड्रायव्हर, प्रोग्राम टाकून तपासलेला कंट्रोलर, हे स्पेअर ठेवाच. पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवा. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठायची तर रोबोट डब्याच्या दारातून जाईल एवढ्या भागांत सुटला पाहिजे. प्रत्येक जोडावर नंबर टाका आणि निघण्याआधी पूर्ण खोलून पुन्हा जोडा, घड्याळ लावून. टाकीतली हवा सोडूनच गाडीत बसा.

शेवटी रोज सलग १० रन घ्या आणि प्रत्येक बिघाड वहीत लिहा. ही वही सेकंड इयरच्या पोरांकडे द्या. थर्ड इयरवाले उद्या पास आऊट होतील, पुढच्या वर्षी रोबोटही मोडीत जाईल, पण वही राहील. पुढच्या टीमला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तर मग, रेघा ओढायला घ्या!