काट्याआधी हात: मोठ्या जातीच्या मांजराचं वजन कसं ओळखावं

ताडोबाच्या जंगलात मार्जारकुळाची दोन टोकं शेजारी राहतात. एकीकडे जेमतेम दीड किलोची वाघाटी, दुसरीकडे दोनशे किलोंच्या घरातला पट्टेदार वाघ. वाघाटीला कुणी मरतुकडी म्हणत नाही की वाघाला लठ्ठ. ज्याचा सांगाडा जेवढा, तेवढं त्याचं वजन. घरातल्या मांजराकडे बघताना मात्र आपण हे विसरतो. “आमचा मेन कून साडेसात किलोचा झाला, जास्त आहे का?” या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यावरून देताच येत नाही. आधी हात लावून पाहावा लागतो.

तरी अंदाजासाठी आकडे माहीत असावेत. आपल्याकडचं गावठी मांजर साधारण ३ ते ५ किलोंचं भरतं. मेन कूनचा बोका बहुधा ६ ते ८ किलोंचा, तर मांजरी ४ ते ६ किलोंची असते. रॅगडॉलही याच मापाचं मांजर. पर्शियन मात्र केसांमुळे फसवतं. दिसायला भलंमोठं, पण अंगानं बहुतेक वेळा गावठी मांजराएवढंच. शिवाय गावठी मांजर वर्षभरात पुरतं वाढतं, तर मेन कूनची वाढ तीन-चार वर्षं चालू राहते. त्यामुळे दीड वर्षाचा बोका किडकिडीत, लांबट दिसला तर घाबरून त्याला खाऊ घालत सुटू नये. त्याचं अंग अजून भरायचं असतं.

आता हाताची परीक्षा. मांजर उभं असताना दोन्ही तळवे त्याच्या छातीच्या दोन बाजूंना ठेवा आणि बोटं हलकेच मागेपुढे फिरवा. मेन कूनचे केस दाट असतात, म्हणून बोटं केसांखाली कातडीपर्यंत जाऊ द्या. बरगड्या कशा लागायला हव्यात, हे स्वतःच्या हातावरच शिकता येतं. हात सरळ पसरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पहिल्या हाताच्या पाठीवरची हाडं चाचपा. पातळ आवरणाखाली एकेक हाड मोजता येतं, तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या टेंगळांसारख्या लागल्या तर मांजर रोड. तळहाताच्या बाजूनं चाचपल्यासारखं वाटलं, म्हणजे हाड शोधायला दाबावं लागलं, तर चरबी जास्त.

मग वरून बघा. बरगड्या संपल्या की कंबर थोडी आत वळलेली दिसायला हवी. केसांमुळे दिसत नसेल तर आंघोळीच्या वेळी, केस ओले असताना पाहावी. त्यानंतर बाजूनं बघा. पोटाखाली, मागच्या पायांपुढे सैल कातडीची झोळी लोंबत असेल तर लगेच चरबी समजू नका. ती निसर्गानंच दिलेली असते. ताडोबात वाघ समोरून चालत गेला तर त्याच्या पोटाखालीही तीच झोळी हलताना दिसते. फरक बोटांना कळतो. नुसती झोळी चिमटीत धरली तर रिकामी, कापडासारखी लागते. चरबी असेल तर ती भरीव लागते आणि पोटच गोल होऊन कंबर नाहीशी झालेली असते.

पशुवैद्य या सगळ्याला १ ते ९ असे गुण देतात. ५ म्हणजे उत्तम, त्याखाली रोड, त्यावर जाड. ढोबळमानानं ५ च्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे योग्य वजनापेक्षा सुमारे १० टक्के जास्त. समजा, तुमच्या बोक्याला ७ गुण मिळाले आणि वजन ८ किलो आहे. म्हणजे तो साधारण २० टक्के जास्त, आणि त्याचं योग्य वजन पावणेसात किलोंच्या आसपास.

काट्याचं काम इथून पुढे सुरू होतं. योग्य वजन किती हे हात सांगतो, ते कुठल्या दिशेनं चाललंय हे काटा सांगतो. आधी एकटे वजनकाट्यावर उभे राहा, मग मांजराला घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. किंवा मांजराच्या पेटीला हुकाचा काटा लावा आणि पेटीचं वजन वजा करा. दर वेळी काटा तोच, वेळ तीच, आणि आकडा वहीत.

खाणंही मोजून द्यावं. पावणेसात किलोंच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्याला दिवसाला सुमारे ३०० कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्यात बहुधा १०० ग्रॅममागे ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचं खाद्य ७५ ते ८५ ग्रॅम. ओंजळीनं घातलं तर हे दीडपट कधी होतं ते कळतही नाही. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते, म्हणून तेव्हा विशेष लक्ष द्यावं. आपल्याकडे भातावर मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मासळीचा रस्सा घालून देण्याची सवय आहे. मांजर मांसाहारी प्राणी, भातानं त्याचं पोट भरतं पण पोषण होत नाही. शिवाय रश्शातला कांदा-लसूण त्याला विषारी असतो. मासळी द्यायचीच तर बिनमसाल्याची, उकडून, काटे काढून, आणि तीही अधूनमधून.

चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत चढतो. ही केसाळ मांजरं तेव्हा कूलरसमोरून हलत नाहीत, खाणंही कमी करतात. थोडी घट चालते. पण मांजरानं दिवसभर अन्नाला तोंडच लावलं नाही, तर कारण उन्हाळाच आहे असं गृहीत धरू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणूनच वजन उतरवण्यासाठी त्याला कधीही उपाशी ठेवायचं नाही. आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे ८ किलोंच्या बोक्याला ४० ते ८० ग्रॅम, एवढीच घट सुरक्षित. सव्वा किलो उतरवायला चार ते आठ महिने लागतील, आणि तेवढे लागू द्यावेत.

उलट, प्रयत्न न करता वजन घटत असेल तर ती चांगली बातमी समजू नका. म्हातारपणी मूत्रपिंड, थायरॉइड किंवा मधुमेहाचा आजार आधी वजनातूनच बोलतो. सिरोंचा-भामरागडहून नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जायला अख्खा दिवस मोडतो. अशा ठिकाणी राहणाऱ्यांना तर घरची वही फार मोलाची. डॉक्टरांना फोनवर “बारीक वाटतोय” सांगण्यापेक्षा “दोन महिन्यांत ६०० ग्रॅम घटला” असं सांगा, त्यांना लगेच दिशा मिळते.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटं काढा. आधी बरगड्यांवरून हात फिरवा, मग काटा पाहा, आणि दोन्ही वहीत लिहून ठेवा.