अबोला मोडायला तीन जणी

हक्कसोडपत्राच्या सहीवरून आई-लेकीचा, बहीण-भावाचा अबोला धरलेली घरं आमच्या जुळे सोलापुरात कमी नाहीत. म्हणून आज बेने इस्राएल लोकांचं सांगतो. हे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यात पूर्वी रब्बी, म्हणजे धर्मपंडित, नव्हते. गावोगाव फिरणारे काजी विधी करत, तंटेही मिटवत.

यहुदी शास्त्र म्हणतं, योम किप्पूरच्या उपासानं देवाजवळची चूक फिटते. माणूस दुखावला असेल तर आधी त्याचीच समजूत काढायची. तो ऐकेना, तर तीन माणसं सोबत न्यायची, तेही तीनदा. आणि तो वारला असेल तर? दहा माणसं घेऊन कबरीपाशी चूक कबूल करायची.

आम्हाला ती तीन माणसं फार पटली. एकटी गेली की जुनंच उकरलं जातं. पण माफी म्हणजे वाटा सोडणं नव्हे बरं. त्याच शास्त्रात घेतलेले पैसे आधी परत, मग मनधरणी. आपल्याकडेही 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच हक्क आहे.

कुणाला माहेरी जायला तीन जणी हव्या असतील, तर बैठकीत सांगा.