एकच किल्ट, पबमध्ये आणि लग्नातही

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

कामानिमित्त मी एडिनबरामध्ये होतो तेव्हाची गोष्ट. टीममधल्या स्कॉटिश मित्राचं लग्न ठरलं. तो म्हणाला, "तूही किल्टच घाल." मी हो म्हटलं खरं, पण रात्री झोप येईना. आपण फॅन्सी ड्रेसला आल्यासारखे दिसलो तर? त्याच्या घरच्यांना ती थट्टा वाटली तर?

भीतीला कारण होतं. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईनंतर ब्रिटिश संसदेने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्यांदा सापडलात तर 6 महिने कैद, पुन्हा सापडलात तर 7 वर्षांसाठी समुद्रापार रवानगी. ही बंदी 1782 पर्यंत होती. ज्या कपड्यासाठी लोक तुरुंगात जाऊ शकत होते, तो मी हसण्यावारी कसा नेणार?

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "शनिवारी पबमध्ये ये, मग बोलू." गेलो. पठ्ठ्या किल्टवरच आला होता! वर फुटबॉलचा टी-शर्ट, पायात जाडे बूट, मोजे खाली सरकवलेले, कमरेला साधा चामड्याचा पट्टा आणि पुढे लटकवलेला चामडी बटवा. या बटव्याला स्पोरन म्हणतात. किल्टला खिसे नसतात, त्यामुळे मोबाइल, पाकीट सगळं त्यातच. थंडी असेल तर वर लोकरी स्वेटर. झाला कॅज्युअल लूक.

आता मुख्य मुद्दा. लग्नातही तोच किल्ट चालतो. बदलतं ते आजूबाजूचं सगळं. दिवसाच्या कार्यक्रमाला आर्गाइल जॅकेट आणि लांब टाय. संध्याकाळच्या थाटामाटाला प्रिन्स चार्ली जॅकेट, वेस्टकोट आणि बो-टाय. अशा वेस्टकोटवर पट्टा लावत नाहीत. स्पोरन फर आणि चांदीच्या कामाचं. मोजे गुडघ्याखाली नीट दुमडलेले आणि त्यातून डोकावणाऱ्या रंगीत पट्ट्या. पायात गिली ब्रोग, म्हणजे जीभ नसलेले बूट. त्यांच्या लांब नाड्या घोट्याच्या वर गुंडाळून बांधतात. उजव्या मोज्यात छोटी सुरी, तिचं नाव स्कीन डू. (विमानात हँडबॅगेत ठेवू नका, प्लीज!)

मी सगळं भाड्याने आणलं. लग्नाच्या सकाळी तयार होऊन मित्राच्या घरी पोचलो, तर त्याचे बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मी किल्ट जीन्ससारखा खाली नेसला होता, आणि चुण्या पुढे!

ते हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चुण्या मागे. पुढे सपाट भाग, तो उजवीकडे संपतो. कंबर बेंबीपाशी. आणि खालची कड गुडघ्याच्या मध्यावर." खालच्या कोपऱ्यातली पिन त्यांनी काढून परत लावली. मी ती दोन्ही थरांतून टोचली होती, आणि ती फक्त वरच्याच थराला लावायची असते, नाहीतर कापड ताणतं आणि फाटतं.

मला एकदम आजी आठवली. ती नऊवारीच्या निऱ्या अशीच जीव लावून नीट करते. पारंपरिक किल्टला जवळपास 8 वार कापड लागतं, म्हणजे तिच्या लुगड्यापेक्षा एकच वार कमी!

मी धीर करून विचारलं, "मी घातलेलं चालेल ना तुम्हाला?" ते म्हणाले, "नीट घातलास तर चालेल." बस. माझ्या सगळ्या भीतीचं उत्तर त्यात होतं. तो पबमध्ये टी-शर्टवर घाला की लग्नात बो-टायवर, मान राखायचा तर नीट घालायला शिका.

टार्टन, म्हणजे चौकड्यांची नक्षी, कुठली निवडायची? अनेक नक्षी विशिष्ट घराण्यांशी जोडलेल्या आहेत, पण 'ब्लॅक वॉच'सारख्या नक्षी कोणीही घालतं. माझा तोच होता.

आणि हो, तुमचा प्रश्न माहितीये मला. आत काय घालतात? ते ज्याचं त्याने ठरवावं. पण किल्ट भाड्याचा असेल तर चड्डी घालाच. तुमच्या आधी तो कोणीतरी घातलेला असतो!

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.