जोत्याखालची ओल

पावसाळा जवळ आला म्हणजे शेतकरी घराच्या छपराकडे पाहू लागतो. माळवदावर नवी माती पडते, पत्र्याचे खिळे तपासले जातात, पन्हळी साफ होतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु वरून येणारे पाणी दिसते व ठिबकते, म्हणून त्याचा बंदोबस्त होतो. खालून येणारे पाणी ना दिसते ना ठिबकते, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण आहे. ती पाण्याला लागू असेल, ओलीला नाही. जमिनीची ओल जोत्यातून भिंतीत, भिंतीतून खोलीत आणि खोलीतून धान्याच्या पोत्यात चढते. आणि घरधन्यास तिची खबर लागते ती पुष्कळदा पेरणीनंतर आठवड्याने, बियाणे उगवत नाही तेव्हा. या ओलीचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी काही गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे की, या कामाच्या तीन पायऱ्या आहेत व त्यांचा क्रम मोडता कामा नये. प्रथम पाणी जोत्यापासून दूर न्यावे. मग उरलेली ओल वाटेत अडवावी. आणि जी आत आलीच असेल तिला बाहेर पडण्यास वाट ठेवावी. आपल्याकडे बहुधा या तिन्ही गोष्टी सोडून भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला जातो. त्याने ओल झाकते, थांबत नाही.

काळी आणि पांढरी

गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग महसुली भाषेत फार जुने आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची. वाडवडिलांनी घरे पांढरीवर बांधली, त्यात केवळ पीक देणारी जमीन वाचविण्याचा हेतू नव्हता. काळीवर घर टिकत नाही, हा अनुभवही होता. आमच्या भोकरदनचेच उदाहरण घ्यावे. केळणा नदीच्या काठचे हे गाव प्राचीन काळी भोगवर्धन या नावाने प्रसिद्ध होते. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळच्या वस्तीचे थर उघडे झाले. वस्तीवर वस्ती बसत गेली, राख, पडक्या भिंतींची माती व खापरे यांचा थर चढत गेला, आणि जागा आजूबाजूच्या रानापेक्षा उंच व निचऱ्याची झाली. गावोगावची पांढरी अशीच तयार झाली आहे.

आता गावठाण अपुरे पडल्यामुळे जालना, सिल्लोड व जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला शेतजमिनीत प्लॉट पडत आहेत, आणि घरे पांढरीवरून काळीवर उतरली आहेत. काळ्या मातीतील बारीक चिकणमातीचे कण पाणी प्याले की फुगतात व सुकले की आकसतात. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या भेगा प्रत्येकाने पाहिल्या आहेत. तीच हालचाल फरशीखालीही चालू असते. पावसाळ्यात फरशी मध्येच उचलते, दरवाजे चौकटीत अडकू लागतात. उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग जाते. त्या भेगेतून पुढच्या पावसाचे पाणी पायाशी पोचते, आणि दर वर्षी खोड वाढत जाते.

याचा अर्थ पांढरी निर्दोष आहे असा नव्हे. शेकडो वर्षांच्या वस्तीमुळे तिच्यात क्षार साठलेले असतात. पूर्वी अशाच मातीतून शोरा काढीत. ओल वर चढताना हे क्षार बरोबर आणते, पाणी उडून जाते व क्षार भिंतीवर राहतात. यालाच आपण लोणा म्हणतो. लोणा लागलेली भिंत हात लावताच भुरभुर गळते.

ओल चढते कशी

समईची वात खाली तेलात बुडालेली असते आणि तेल वर ज्योतीपर्यंत चढते. माती, वीट व गिलावा यांची सूक्ष्म छिद्रे तेच काम करतात. छिद्र जितके बारीक तितकी ओल अधिक उंच चढते. म्हणून चिकणमाती पाणी फार वर ओढते, आणि जाड खडीच्या थरातून ते वर येत नाही. आपला काळा दगड घट्ट असल्याने स्वतः ओल फारशी ओढत नाही. दगडांच्या सांध्यांतील माती ओढते.

महसूल खात्याच्या नोकरीत अतिवृष्टीनंतर घरपडीचे पंचनामे लिहिण्याचे काम आमच्याकडे अनेक वर्षे होते. त्यात एक गोष्ट वारंवार आढळली. मातीची भिंत बहुधा माथ्यापासून ढासळत नाही, ती पायथ्याशी बसते. जोत्यालगतचा हात-दीड हाताचा पट्टा महिनोन्‌महिने ओला राहून मऊ झालेला असतो; वरचे वजन त्याला पेलत नाही आणि एका रात्री भिंत खाली येते. पंचनाम्यात कारण पावसाचे लिहिले जाते व ते खोटेही नसते. पण त्या रात्रीच्या पावसाने पूर्वीच्या कित्येक पावसाळ्यांचे काम पुरे केलेले असते.

अशा भिंतीस आतून-बाहेरून सिमेंट लिंपले की अनर्थ वाढतो. शेणामातीचे सारवण किंवा चुन्याचा गिलावा यांतून ओल बाहेर उडून जाते. सिमेंटमधून ती सहज जात नाही. मग ती गिलाव्यामागून आणखी वर चढते, तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते आणि वाळवीला आमंत्रण देते. जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी उथळ्यावर उभा करीत, तो शोभेसाठी नव्हे. लाकूड जमिनीच्या ओलीपासून सुटे राहावे यासाठी.

आधी परीक्षा

खर्च करण्यापूर्वी ओल कोठून येते याची खात्री करावी. हात-दीड हात लांबी-रुंदीचे मेणकापड कोरड्या दिसणाऱ्या फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात व एक-दोन दिवस तसेच ठेवावे. कापडाच्या खालच्या बाजूस थेंब जमले अगर फरशी काळवंडली, तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या बाजूस असतील, तर हवेतील दमटपणा थंड फरशीवर बसत आहे. पहिल्या रोगास बाहेरचे उपाय हवेत, दुसऱ्यास केवळ हवा खेळती ठेवून भागते.

पहिली पायरी : पाणी दूर नेणे

ही पायरी सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी आहे. ६० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६,००० लिटर पाणी खाली येते. हे पाणी पन्हळीतून थेट भिंतीच्या पायाशी पडत असेल, तर पुढचे सर्व उपाय व्यर्थ होत. पन्हळीचे तोंड नळाने लांब न्यावे. जोत्याभोवती निदान ७५ सेंटिमीटर रुंदीचा फरसबंद पट्टा करून त्यास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, व पट्ट्याच्या कडेने नाली काढावी. मोरीचे व न्हाणीचे सांडपाणी घराशेजारीच जिरवू नये. शोषखड्डा भिंतीपासून होईल तितका दूर असावा आणि त्याचा तळ काळी माती ओलांडून मुरमात गेलेला असावा; काळ्या मातीत पाणी जिरत नाही, ते भिंतीकडे सरकते. भिंतीला टेकून शेणखत, सरपण वा मातीचा ढीग कधीही ठेवू नये.

दुसरी पायरी : ओल अडवणे

नवे घर बांधणाराने जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर उंच ठेवावे. रस्ता दर दुरुस्तीला उंच होत जातो आणि दहा-वीस वर्षांत जोते बुडते, हे ध्यानात घेऊन अधिक उंची ठेवल्यास उत्तमच. जोत्याच्या माथ्यावर सर्व भिंतींखालून, आतील भिंतींसह, अखंड ओलरोधक थर घालावा. सुमारे ४० मिलिमीटर जाडीचे सिमेंट काँक्रीट, त्यात जलरोधक द्रव्य आणि वर तापविलेल्या डांबराचे दोन हात, एवढ्याने काम होते. हा थर बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. पुढे अंगणात भर घालून तो मातीखाली गाडला, तर ओल त्याला वळसा घालून वर येते.

फरशीखाली काळी माती भरू नये. मुरूम भरून चोपावा. त्यावर १५ ते २० सेंटिमीटर जाड दगडाचा व खडीचा थर, त्यावर जाड मेणकापड सांध्यांवर वीतभर चढवून पसरावे आणि मग काँक्रीट करावे. खडीमुळे वातीचा धागा तुटतो आणि मेणकापडामुळे वाफ अडते. काळी खोल असेल तेथे पायाच वेगळा लागतो. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया प्रचारात आणला. हे खांब सुमारे साडेतीन मीटर खोल, म्हणजे जेथे फुगणे-आकसणे पोचत नाही तेथपर्यंत नेतात. त्यासाठी जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

जुन्या घरात ओलरोधक थर घालणे कठीण असते. तेथे बाहेरची साचलेली माती काढून जोते उघडे करावे, आतील सिमेंटचा गिलावा मीटरभर उंचीपर्यंत खरवडावा, एक उन्हाळा भिंत सुकू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करावा.

तिसरी पायरी : पोकळीतील हवा

ज्यांच्या घराखाली तळघर किंवा बळद आहे, त्यांना हवेचाही विचार करावा लागतो. अमेरिकेत पुष्कळ घरे लाकडी तक्तपोशीवर उभी असतात व खाली माणूस रांगत जाईल एवढीच पोकळी असते. तेथे पूर्वी सरसकट नियम असा होता की, पोकळीला झरोके ठेवले म्हणजे ती कोरडी राहील. पुढे असे दिसून आले की, दमट उन्हाळ्यात झरोक्यांतून आलेली गरम हवा खालच्या गारव्यात निवते व तिच्यातले पाणी तुळयांवर बसते. म्हणून उघडी जमीन प्रथम जाड प्लॅस्टिकने झाकावी, हा उपाय मुख्य ठरला. आपल्या तळघरासही हेच लागू आहे. श्रावणातील झडीत झरोके सताड उघडे ठेवणे म्हणजे ओलीला घरात बोलावणे होय. तळ मेणकापडाने झाकावा, झडीत झरोके बंद ठेवावेत, आणि उघडीप पडलेल्या कोरड्या दुपारी व दिवाळीनंतर ते समोरासमोर उघडावेत.

पेवाचीही गोष्ट अशीच आहे. आपल्या भागात पूर्वी ज्वारी पेवांत साठवीत. मुरमाड जागी खोदलेल्या पेवास कडब्याचे अस्तर देऊन तोंड बंद केले की आतील हवेतला प्राणवायू संपतो व किडे मरतात. ही त्याची खुबी. पण जागा ओली निघाली की कडेचे धान्य कुजते. जुने पेव उघडताना घ्यावयाची सावधगिरी येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आत प्राण घेणारा वायू साठलेला असतो. झाकण काढून पुष्कळ वेळ जाऊ द्यावा आणि कंदील सोडून पाहावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. जळत राहिला तरी कमरेला दोर व वर दोन माणसे असल्यावाचून उतरू नये. खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडल्यास त्यामागे उडी घेऊ नये, दोराने ओढून काढावे. नाही तर एकामागून दुसरा जातो.

धान्य आणि बियाणे

इतकी खटपट कशासाठी, याचे उत्तर थप्पीच्या तळच्या पोत्यात आहे. धान्य भोवतालची ओल पिऊन घेते. मका ओलसर राहिला की बुरशी येते, आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते धुतल्याने वा शिजविल्याने जात नाही, व असा मका जनावरांनाही घातक असतो. सोयाबीनच्या बियाण्यात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा आणि त्याची उगवण निदान ७० टक्के असावी, असे प्रमाण आहे. ओल्या फरशीवरचे पोते ही दोन्ही प्रमाणे मोडते. म्हणून पोती नेहमी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. मोकळ्या फरशीवर पोते कधी टेकवू नये. पेरणीपूर्वी तळच्या पोत्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे. वरच्या पोत्याची परीक्षा घेऊन समाधान मानू नये.

ही कामे वैशाखात उरकावीत. त्या वेळी भिंत कोरडी असते, माणसे मोकळी असतात व मातीच्या भेगा पाहून जमिनीचा स्वभाव कळतो. हाती पैसा थोडा असल्यास पन्हळीचा नळ, भिंतीलगतचा उतार व पोत्यांखालच्या फळ्या यांवर तो खर्चावा. गिलावा आणि रंग यांना पुढचे वर्ष चालेल. ज्याने शेतातल्या चिबडाला चर खणून निचरा दिला, त्याला घराच्या जोत्याचा निचरा वेगळा शिकविण्याची गरज नाही. फक्त बांधावरची ती नजर त्याने एकदा स्वतःच्या उंबऱ्याकडे वळवावी, एवढीच आमची विनंती आहे.