खांद्याचं कलम

“टाके निघाले, दुखणंही थांबलं, आता ही झोळी कशाला गळ्यात?” खांद्याच्या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य कुठलं असेल, तर हेच. वेवजीत ते जरा लवकरच तोंडावर येतं. तलासरी तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीला खेटलेलं हे गाव. पलीकडे पाऊल टाकलं की सोळसुंबा, उंबरगाव. माणूस ऑपरेशन करून घरी येतो तेव्हा आवणी, गवताचे भारे, वाडीतली चिकूची तोडणी, नाहीतर कारखान्यातली पाळी त्याची वाट बघत असते. हात बांधून बसणं परवडणारं नसतं, हे खरं. पण ऑपरेशन वाया घालवणं त्याहून परवडणारं नाही.

दुखत नाही म्हणजे जुळलं, हा पहिला गैरसमज. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरांचं एक आवरण असतं, त्याला डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यातली कंडरा फाटली की हाडात बारीक अँकर बसवून दोऱ्यांनी हाडाला परत बांधतात. बांधतात, चिकटवत नाहीत. चिकटण्याचं काम शरीराला स्वतः करावं लागतं. डहाणू-घोलवडच्या वाड्यांमध्ये खिरणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पट्टी घट्ट असते, वरून सगळं ठीक दिसतं, पण आत सांधा धरेपर्यंत त्याला धक्का चालत नाही. कातडीवरची जखम दोनेक आठवड्यांत भरते. कंडरा हाडाला नीट धरायला तीन महिने आणि पुढेही वेळ लागतो. दुखणं त्याच्या कितीतरी आधी कमी होतं. घात होतो तो याच मधल्या काळात. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात तर बाहेर दोन-चार बारीक भोकंच दिसतात, म्हणून माणूस आणखी फसतो. भोक लहान असलं तरी आतली शिवण लहान नसते.

म्हणून झोळी साधारण चार ते सहा आठवडे, आणि बहुतेकदा झोपेतही. पहिले काही दिवस आडवं झोपवत नाही. पाठीला उशांचा टेकू देऊन अर्धवट बसून झोपावं, कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी. सदरा घालताना आधी ऑपरेशनचा हात बाहीत घालायचा, काढताना तो सगळ्यात शेवटी. हे उलटं केलं की काय होतं, ते एकदाच कळतं आणि पुरेसं कळतं.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच पक्का असतो: सहा आठवडे हात हलवायचाच नाही. तसं केलं तर खांदा आखडतो, मधुमेह असेल तर जास्तच. बोटं, मनगट आणि कोपर यांची हालचाल बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू करतात. खांद्याची हालचाल कधी सुरू करायची, हे सर्जन ठरवतो. तीही आधी ऑपरेशनच्या हाताच्या जोरावर नसते. चांगल्या हाताने टेबलाची कड धरायची, कमरेत वाकायचं, दुसरा हात सैल लोंबकळत सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने त्याला विहिरीत सोडलेल्या दोरासारखं हलू द्यायचं. स्वतःच्या ताकदीने हात उचलणं साधारण सहा आठवड्यांनंतर, जोराचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास, आणि डोक्यावर भारा किंवा उंचावरची तोडणी चार ते सहा महिन्यांनी. कधी त्याहूनही उशिरा.

फिजिओथेरपी म्हणजे मालीश आणि मशीनचा शेक, असं समजून बरेच जण चार खेपा करून थांबतात. शेक ही वरची मदत. खरं काम व्यायामाचं, आणि ते दिवसातून दोन-तीनदा घरीच करायचं असतं. रोज डहाणूला किंवा वापीला जाणं जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. घरचा कार्यक्रम लिहून घ्या, आपण करत असताना फिजिओला बघायला लावा, घरच्या कुणाला मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढू द्या. “जितकं दुखेल तितका गुण” हेही खोटं. ताण बसावा, थोडं ठणकावं, थोड्या वेळाने ओसरावं. रात्रीची झोप उडाली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. आणि आखडलेला खांदा ‘मोकळा’ करायला कुणी हाडवैद हात ओढायला लागला, तर नम्रपणे उठून यावं.

भात, वांगं, दही खाल्लं की जखमेत पू होतो, हे घराघरात ऐकायला मिळतं. पू होतो जंतूंनी. या समजापायी डाळ, अंडी, मासे सगळंच बंद होतं, आणि जखम भरायला नेमकी प्रथिनंच लागतात. तंबाखू, बिडी आणि मिश्री मात्र कुणी बंद करत नाही. निकोटीनने रक्तपुरवठा घटतो आणि कंडरा धरायला वेळ लागतो. पथ्य पाळायचंच असेल तर ते हे.

“क्रिकेटवाले महिन्याभरात खेळतात” असंही सांगणारे भेटतात. मुंबईच्या श्रेयस अय्यरचा डावा खांदा २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर निखळला, ८ एप्रिलला ऑपरेशन झालं, आणि तो पुन्हा सामना खेळला २२ सप्टेंबरला. सचिन तेंडुलकरच्या खांद्याचं ऑपरेशन मार्च २००६ मध्ये झालं. त्याचं पुनरागमन झालं सप्टेंबरमध्ये, क्वालालंपूरला. दोघांच्याही दिमतीला फिजिओ होते, डोक्यावर भारा नव्हता, तरी पाच-साडेपाच महिने गेलेच.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक गेलेली ताकद, बोटांना नव्याने आलेली बधिरता, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि फिजिओकडे पहिल्यांदा जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. आत नेमकं काय शिवलंय ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि व्यायाम त्यावरूनच ठरतो.