प्रशस्तिपत्रातले चौघे

हिंजवडीहून माण-घोटवड्याच्या वाटेने मुळशीचा रस्ता धरला आणि ताम्हिणी घाट उतरला, की पुढे माणगाव येतं. या तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. माणगावात त्यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतली त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीत उभे राहिले ते एकटे घाडगे. ते सरळ मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघं बावीस. त्यांची कबर किंवा समाधी कुठे सापडत नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

घाडग्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात नाव एकाचंच. समोरचे चौघे बिननावाचे आहेत. घाडगे कोणाशी लढले, ते सैनिक नवखे होते की मुरलेले, हे कळलं तर त्या क्षणाची किंमत आणखी उमगेल, असं मला मनापासून वाटतं. हे सैनिक हिटलरच्या राजवटीसाठी लढत होते, हे विसरण्याचा प्रश्नच नाही. पण इतिहास एका बाजूच्या कागदांवर पुरा होत नाही.

पदकापासून सुरुवात करायची तर पंचाईत होते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या वरच्या पट्टीमागे मानकऱ्याचं नाव आणि पलटण कोरलेली असते, क्रॉसच्या पाठीवर पराक्रमाची तारीख असते. जर्मन ‘आयर्न क्रॉस’वर सहसा असं काहीच नसतं, फार तर कडीवर कारखान्याचा क्रमांक. कोणाच्या छातीवर होता, हे तो सांगत नाही. ते सांगतो सोबतचा कागद: पदक दिल्याचं प्रमाणपत्र. त्यावर हुद्दा, नाव, तुकडी, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते. हीच नोंद सैनिकाच्या ‘झोल्डबुख’मध्ये, म्हणजे खिशात बाळगायच्या पगारपुस्तकात, आणि ‘वेअरपास’ या सेवापुस्तिकेतही होत असे. पगारपुस्तक सैनिकाजवळ राही. सेवापुस्तिका तुकडीच्या कचेरीत असे, आणि तो कामी आल्यावर घरच्यांकडे जाई. म्हणून जर्मन घरांच्या माळ्यांवर आजही त्या पुस्तिका निघतात.

ही पदकं वाचायला शिकलं की माणसाचा प्रवास दिसू लागतो. पायदळाचा हल्लाबिल्ला हवा तर तीन वेगवेगळ्या दिवशी तीन चढायांत भाग घ्यावा लागे. जखमेचा बिल्ला काळा असेल तर एक-दोन जखमा, चंदेरी असेल तर तीन-चार, सोनेरी असेल तर पाच किंवा अधिक. 1941-42 चा रशियातला हिवाळा काढणाऱ्यांना वेगळं पदक होतं. इटलीत मेलेल्या एखाद्याच्या पुस्तिकेत हे पदक नोंदलेलं असेल, तर तो रशियाच्या बर्फातून येऊन टायबरच्या काठी पोचला होता, एवढं त्या एका ओळीतून समजतं.

शेवटचा पुरावा गळ्यातला. जर्मन ओळख-बिल्ला अंडाकृती, मधोमध छिद्रांची रेघ. सैनिक मेला की खालचा अर्धा भाग मोडून घ्यायचा, वरचा त्याच्यासोबत पुरायचा. 1919 साली स्थापन झालेली ‘फोक्सबुंड’ ही युद्धकबरींची देखभाल करणारी संस्था आजही पूर्व युरोपात अवशेष उकरते तेव्हा हाच अर्धा भाग नाव परत मिळवून देतो. तिच्या यादीत चाळीस लाखांहून अधिक नावं आहेत. सुमारे 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या नोंदी सांभाळणारं बर्लिनचं दफ्तर 2019 पासून जर्मन संघीय अभिलेखागारात सामील झालं आहे. तिथे अर्ज करता येतो, मात्र हाती नाव आणि जन्मतारीख हवी. घाडग्यांसमोरच्या चौघांची अडचण नेमकी हीच. आपल्याला दिवस आणि खोरं माहीत आहे, नाव नाही. वाट उलटी काढावी लागते: लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात पलटणीची युद्ध-रोजनिशी, तीत समोरच्या शत्रूचा उल्लेख, मग फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात त्या जर्मन डिव्हिजनचे उरलेसुरले कागद.

उरलेसुरले म्हणतो, कारण एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात पॉट्सडॅमचं लष्करी दफ्तर जळालं. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियन सैनिकांच्या नोंदींचाही फार मोठा साठा त्यात गेला. बव्हेरियाचे कागद म्युनिकला होते म्हणून वाचले.

हिंजवडीतल्या कंपन्यांतून कामानिमित्त जर्मनीला जाणाऱ्यांना तिथल्या जुन्या बाजारात अशी पदकं दिसतात. स्वस्तिकावर कागद चिकटवलेला असतो, कारण ते चिन्ह तिथे उघड मिरवता येत नाही. माझा सल्ला सरळ आहे: पदक घेऊ नका. नकला अमाप आहेत, आणि खरं असलं तरी कागदावाचून ते मुकं असतं. त्यापेक्षा आपल्या मुळशी-मावळातल्या, कोकणातल्या घरांतली ट्रंक आधी उघडा. आजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद, पदकाच्या कडेवर ठोकलेला नंबर, जे मिळेल त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पदक चकचकीत करू नका. घासताना अक्षरं झिजतात. मग तो नंबर आणि पलटण घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा पलटणीचे असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरलाही लिहा. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून पाहा. आपली आडनावं कारकुनांनी कानाला आली तशी लिहिली आहेत.