माहितीचे विश्वस्त

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० च्या दशकात आपल्या सरकारी नोकरांच्या औषधोपचारांचे दप्तर, त्यातील नावे व पत्ते गाळून, संशोधकांच्या हवाली केले, तेव्हा कोणाचीही खाजगी बाब उघडी पडणार नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. तथापि जन्मतारीख, लिंग आणि टपालविभागाचा क्रमांक हे तीन रकाने दप्तरात तसेच राहिले होते. लटान्या स्वीनी या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेऊन त्या दप्तराशी ताडून पाहिली. गव्हर्नरसाहेबांच्या जन्मतारखेचे मतदार शहरात सहाच निघाले. त्यांत पुरुष तीन, आणि त्या टपालविभागात राहणारे एकटे गव्हर्नर. त्यांच्या आजाराचे कागद अशा रीतीने तिच्या हाती आले.

नावे गाळली की माणूस सुरक्षित झाला, या समजुतीवर अनेक कायदे उभारलेले आहेत, आणि ती समजूत निराधार आहे, हे पॉल ओम या विधिज्ञाने २०१० साली एका विस्तृत निबंधात साधार मांडले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर हा प्रश्न अधिकच बिकट केला आहे. कारण असंख्य याद्या क्षणार्धात ताडून पाहणारे यंत्र, आपण कोणालाही न सांगितलेला आजार किंवा कर्जबाजारीपणा आपल्या किरकोळ खरेदीवरून अनुमानाने ताडू शकते, आणि ज्या अनुमानाची आपल्याला कल्पनाच नाही त्याला दिलेली संमती ही संमती म्हणावी तरी कशी?

येल विद्यापीठाचे प्राध्यापक जॅक बाल्किन यांनी २०१६ साली यावर एक विचार पुढे ठेवला: वैद्य किंवा वकील ज्याप्रमाणे आपल्याला कळलेली गोष्ट अशिलाच्या वा रोग्याच्या अहितासाठी वापरू शकत नाही, त्याचप्रमाणे आपली माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांनाही विश्वस्ताचे बंधन असावे. लीना खान आणि डेव्हिड पोझन या विधिज्ञांनी २०१९ साली यावर आक्षेप घेतला की, जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीला भागधारकांचा नफा पाहणे भाग असल्याने तिची निष्ठा मुळातच दुभंगलेली असते. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यामुळे बंधन अनावश्यक ठरत नाही, उलट ते अधिक कडक हवे, असेच मला वाटते.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायदान केलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा सादर केला. त्यात माहिती बाळगणाऱ्यास विश्वस्ताचा दर्जा होता, आणि माहितीचा वापर न्याय्य व वाजवी रीतीनेच करण्याचे स्पष्ट कर्तव्यही होते. २०२३ च्या कायद्यात विश्वस्ताचा दर्जा राहिला, सुरक्षिततेतील कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूदही झाली. ते व्यापक कर्तव्य मात्र गळले, आणि व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती तर कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवली गेली, म्हणजे यंत्रांना शिकवण्यासाठी ती उचलणाऱ्यास या कायद्याची आडकाठी उरली नाही.

दंडाच्या धाकाने कुलूप मजबूत होईल. परंतु किल्ली ज्याच्या हाती आहे त्यानेच आपल्या अहिताचा व्यवहार केला तर काय, याचे उत्तर त्या गळलेल्या कर्तव्यातच होते, आणि म्हणून संसदेने ते कायद्यात पुन्हा दाखल केले पाहिजे.